दिव्याचा फोन : नऊ महिने वापरल्यानंतर

परवा कोल्हापूरला जाऊन आले. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत सव्वाशेच्या वर किलोमीटर आणि तेवढेच परत. कारण एकच, फोन चार्ज होत नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला, खालच्या भोकात टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, लिक्विड डॅमेज. वॉरंटीत नाही बसत." ज्याच्या खोक्यावर फोन पाण्यात बुडवलेलं चित्र छापलंय, त्या फोनला! खर्च ४,६०० रुपये सांगितला. मी फोन उचलला आणि स्टँडवर आले. एसटी घाटात आली तेव्हा धुकं होतं, रेंज नव्हती. म्हटलं, आता सगळं लिहूनच काढू.

कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि सगळा दोष त्यांचा नाही असं मला आता वाटायला लागलंय. रॅम, कॅमेरा, प्रोसेसर हेही लिहीत नाही, ते तुम्ही दहा ठिकाणी वाचलेलं असणार. हा फोन मी एका दिव्यासाठी घेतला. वरच्या कडेला, कानाशी येणाऱ्या जाळीशेजारी, मोहरीएवढा दिवा आहे. मेल आला की लुकलुकतो.

हसू नका. मी रत्नागिरीजवळ आंब्याच्या पल्प कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघते. मोसमात दिवसाचे बारा तास शेडमध्येच जातात. रिटॉर्टचा, म्हणजे डबे वाफेवर तापवायच्या मोठ्या भांड्याचा, आणि बॉयलरचा आवाज असा की रिंगटोन ऐकू येत नाही. हाताला रस नाहीतर चीक, त्यामुळे दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघणं शक्य नाही. फोन फळीवर उभा ठेवायचा आणि लांबून बघायचा. हल्लीच्या फोनांत स्क्रीनवर बारीक घड्याळ आणि चिन्हं सतत दिसत राहतात, ती सोय म्हणे दिव्याच्या बदल्यात. वीस फुटांवरून ती दिसते का ते बघा एकदा.

ही सवय मला लावली ब्लॅकबेरीने. शेठनी ऑफिसला कर्व्ह ८५२० घेऊन दिला होता, २००९ साली आलेलं मॉडेल. थ्रीजीसुद्धा नव्हतं त्यात, नुसतं एज, म्हणजे टूजीवरचं हळू इंटरनेट. पण मेल ब्लॅकबेरी कंपनीच्या सर्व्हरवर आधी यायचा, तिथून आटोपशीर करून फोनवर ढकलला जायचा, आणि तांबडा दिवा लागायचा. कोकण रेल्वेच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडायची आणि दिवा सुरू. पुढे ४ जानेवारी २०२२ ला त्या जुन्या ब्लॅकबेरींच्या सेवा कंपनीने कायमच्या बंद केल्या. आमचा त्याआधीच कपाटात गेला होता, तरी त्या दिवशी मी तो काढून पुसून ठेवला. सेकंडहँड दुसरा शोधावा असं मनात आलं होतं, पण सेवाच नाही तर दिवा कशाने लागणार? शिवाय तो टूजीचा, माझं सिम जिओचं.

निवडताना तीन गोष्टी समोर होत्या. शेठ म्हणाले, मेलसाठी दुसरा साधा फोन घे. दोन फोन सांभाळायचे म्हणजे दोन चार्जर, दोन रिचार्ज आणि घरी एक विसरणं. मुलगा म्हणाला, घडीचा घे, एक्सेल शीट मोठी दिसेल. दिसेल हो, पण त्याच्या बिजागरीत रस गेला तर त्या किमतीत आमच्या पडवीवरचे पत्रे बदलून झाले असते. तिसरा हा : २२,००० रुपये, जाडजूड, रबराच्या कडा, आयपी ६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचं मानांकन) आणि दिवा. फोन, मेल, कागद स्कॅन करणं, सही करून पीडीएफ पाठवणं, सगळं एकात. जानेवारीत घेतला.

पहिले चार महिने मी याची एवढी स्तुती केली की घरात कोणी ऐकेना. आमचा माल घेणाऱ्या पार्ट्या सौदीतल्या, तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी त्यांचं ऑफिस सुरू. म्हणजे आमच्या रविवारी मी मिरकरवाड्याला मासळी घ्यायला उभी, पिशवीत कोळंबी, आणि पर्समधून दिवा. तिथेच उत्तर टाकायचं. स्कॅन इतकं स्वच्छ येतं की टेबलावरचा स्कॅनर मार्चपासून झाकलेला आहे.

मग जून आला. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मी फोनला शिव्या दिल्या त्या इथे.

कंटेनर न्हावाशेव्याला लागला होता. लाइनकडून, म्हणजे जहाज कंपनीकडून, बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर माल घेतल्याच्या कागदाचा) ड्राफ्ट आला, मी तो जेद्दाच्या पार्टीला तपासायला पाठवला. दुरुस्ती संध्याकाळी पाचपर्यंत फुकट, नंतर पैसे. एलसीवरचा, म्हणजे बँकेने पैशांची हमी दिलेला, माल असला की पत्त्यातला एक आकडा चुकला तरी बँक कागदांवर शेरा मारते, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. दोन वाजल्यापासून फोन फळीवर, माझं लक्ष दिव्याकडे. दिवा नाही. तीन, चार, पाच. मी निश्चिंत, म्हटलं पार्टीला ड्राफ्ट मान्य दिसतो. पाच वीसला घरी फोन करायला म्हणून तो उचलला आणि माझ्या हातात दिवा लुकलुकायला लागला! मेल दोन चाळीसचा. पोस्ट बॉक्सचा आकडा चुकला होता. लाइनने दुरुस्तीचे ४,५०० रुपये लावले. शेठ काही बोलले नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवला फक्त. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आठवडाभर मी पाळत ठेवली. खिशात असला की मेल बऱ्यापैकी वेळेवर. फळीवर असला की उशीर. चार्जरला लावलेला असला की पुन्हा ठीक. आणि उचलला की लगेच दिवा. देवळातला पुजारी यजमानाची चाहूल लागली की डोळे उघडून जप सुरू करतो, तसं. दुसरी गंमत अशी की लाइटबिलाचा मेल माझ्या जीमेलच्या पत्त्यावर येतो, तो फळीवरसुद्धा क्षणात. उशीर फक्त ऑफिसच्या पत्त्याला.

म्हणजे दिवा निर्दोष होता. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून अशी सोय आहे की फोन चार्जरवर नाही, स्क्रीन बंद आहे आणि हलत नाही, तर तो गाढ झोपतो आणि ॲपना मधूनमधूनच नेटवर जाऊ देतो. जितका जास्त वेळ पडून, तितकी एकदा जागं होण्यापासून पुढच्या जागं होण्यापर्यंतची झोप लांब. जीमेलच्या पत्त्यावरचा मेल गूगल स्वतः ढकलतं, त्याला ही झोप आड येत नाही. आमचा ऑफिसचा पत्ता साध्या होस्टिंगवरचा, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवरचा, आयमॅप या पद्धतीने मेल वाचायचा. तो जीमेलच्या ॲपमध्ये घातला तर ॲप स्वतः जाऊन विचारून येतं, तेही लवकरात लवकर दर पंधरा मिनिटांनी, आणि झोपेत तेवढंही नाही. दिवा बिचारा काय करणार, त्याला कोणी सांगेल तेव्हा तो लागणार.

उपाय फुकटात झाला. थंडरबर्ड नावाचं मेलचं अँड्रॉइड ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, आधीच्या के-नाइन मेलवर बेतलेलं. त्यात ऑफिसचा पत्ता घातला, इनबॉक्सला पुश चालू केलं, आणि सेटिंगमध्ये बॅटरीच्या बंधनातून त्या ॲपला सूट दिली. यात सर्व्हरशी जोडणी उघडी राहते आणि मेल आला की सर्व्हरच कळवतो. वर एक सूचना कायम दिसत राहते, तिची सवय करून घ्या. बॅटरी थोडी जास्त जाते. पण फळीवर ठेवून मुलाला घरून मेल टाकायला सांगितला आणि मी "पाठव" म्हणून तोंड मिटायच्या आत दिवा. शिव्या मागे घेतल्या. ४,५०० मात्र कोणी परत देत नाही.

आता पावसाळा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात केबल लावली की स्क्रीनवर यायला लागलं, पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जिंग थांबवलं आहे. आमच्याकडे जुलैत मीठ वितळतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. ओलावा कुठे नाही ते सांगा. फुंकर मारून, पंख्याखाली ठेवून, कधी दोन तासांनी चार्जिंग सुरू व्हायचं. सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ठेवायला लावला, त्याने भोकात कोंडा गेला तेवढाच. गणपतीत पाहुणे घरात आणि मी फोन घेऊन पंख्याखाली. सप्टेंबरात चार्जिंग पूर्णच बंद, मग ते कोल्हापूर.

कोल्हापूरहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मारुती मंदिरापाशी एका मुलाच्या टपरीवर गेले. त्याने भिंगाखाली धरून मलाही दाखवलं. पोर्टच्या मधल्या जिभेवर हिरवट-पांढरं काहीतरी धरलेलं, आणि एक पिन काळी. "काकू, रात्रभर केबल लावून ठेवता का खिडकीत?" ठेवते. खिडकी समुद्राकडे, आणि तिथेच प्लग आहे. मग त्याने सांगितलं की खारा ओलावा नुसता असला तर एवढं होत नाही, त्यात वीज चालू राहिली की पिना खायला लागते. आयपी ६८ ची चाचणी गोड्या पाण्यातली, आणि तीही चार्जिंग चालू नसताना. खोक्यावर हे कुठे लिहिलंय? आत पुस्तिकेत आहे, मुंगीएवढ्या अक्षरात. घरी येऊन वाचलं.

त्याने स्पिरिटने, आयसोप्रोपिल म्हणाला, बारीक ब्रशने घासलं, अर्धा तास सुकवलं, केबलचं टोकही पुसलं. २०० रुपये. फोन चालू आहे. काळी पिन काळीच राहिली, पण चार्ज होतो. म्हणून चूक अर्धी माझी असं म्हणते. उरलेली अर्धी त्यांची, कारण २०० रुपयांच्या कामाला ४,६०० आणि पूर्ण पोर्ट बदला हे सांगणाऱ्याने ब्रश हातात घेऊन बघितलाच नाही. तक्रार लेखी केली आहे, मेलवर.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी या किमतीत वायरलेस चार्जिंग असलेला कोणता फोन मिळतो का ते आधी बघावं. याला ते नाही, आणि मी घेताना त्याला चैन समजले होते. मी आता केबल खिडकीतून माजघरात आणली, संध्याकाळी तासभर चार्ज करते आणि केबल काढून ठेवते. पोर्टला रबराचं बूच लावलंय, १० रुपयांना पाच मिळतात, दोन हरवली.

राहता राहिला दिवा. थंडरबर्डमध्ये प्रत्येक खात्याला दिव्याचा वेगळा रंग देता येतो, पण एकाच खात्यात अमक्याचा मेल आला तर तांबडा, तमक्याचा आला तर निळा असं होत नाही. महिनाभर शोधलं. शेवटी शेठच्या मागे लागून शिपिंगच्या कागदांसाठी वेगळा पत्ता काढून घेतला. होस्टिंगवाल्याने वर पैसे घेतले नाहीत. लाइन आणि पार्ट्या त्या पत्त्यावर, तो तांबडा. बाकी सगळं, डब्यांचे दर, लेबलवाला, जीएसटीच्या आठवणी, ते निळं. काल रात्री जेवताना निळा लागला. ताकभात संपवूनच उठले.