आंब्याची कोय लावावी की कलम?

गावच्या जमिनीत आंबा लावायचं ठरलं की दोन वाटा समोर असतात. मे महिन्यात खाल्लेल्या आंब्याची कोय मातीत सारायची, किंवा रोपवाटिकेतून बांधलेलं कलम आणायचं. दोन्हींतून आंबाच उभा राहतो, पण त्या दोन झाडांचा स्वभाव, आयुष्य आणि उपयोग इतके वेगळे की ‘आंबा लावला’ एवढ्यावर भागत नाही. मी दोन्ही लावले आहेत आणि दोन्हींत चुका केल्या आहेत. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. हापूसची कोय लावली की हापूस होतो, असं अजूनही बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. आंब्याच्या मोहरात नुसती नर फुलं असतात आणि नर-मादी दोन्ही अंगं असलेली संयोगी फुलंही असतात. त्यांच्यात परागकणांची ने-आण करतात माश्या आणि इतर बारीक कीटक. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो. त्याची आई आपल्याला ठाऊक असते, बाप नाही. तो शेजारचा केसर असेल, नाही तर बांधावरचा रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेला गावठी आंबा. एकाच झाडाच्या दहा कोयी लावल्या तर दहा भावंडं उगवतात, आणि एका घरातली भावंडं जेवढी वेगळी निघतात तेवढीच तीही निघतात. एखादं आईपेक्षा सरस, बाकीची बरीचशी आंबट, धाग्याची किंवा नुसती मोठ्या कोयीची.

याला एक अपवाद आहे. गोवा ते केरळ या किनारपट्टीवर काही जातींच्या कोयीतून एकाच वेळी तीन-चार अंकुर येतात. ओलूर, कुरुक्कन, वेल्लईकोलुंबन ही त्यांतली नावं. यातले बहुतेक अंकुर परागीभवनातून आलेले नसतात. आईच्याच पेशींपासून घडलेले असतात, म्हणून त्यांची झाडं हुबेहूब आईसारखी निघतात. तुमच्या घरच्या एखाद्या आंब्याच्या बाठ्यातून असे अनेक कोंब येत असतील तर तो आंबा कोयीनेही राखता येण्याची बरीच आशा आहे. हापूस, केसर, दशेरी मात्र या गटातले नाहीत.

कलमाचं गणित साधं आहे. खाली कुठल्या तरी रायवळाच्या कोयीतून आलेलं रोप, त्याला खुंट म्हणतात. वर आपल्याला हव्या त्या झाडाची काडी. दोघांच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना चिकटला की मुळं एकाची आणि फळं दुसऱ्याची, असं एक झाड तयार होतं. काडी जिथून घेतली त्याच झाडाचा तो पुढचा भाग असल्यामुळे फळात फरक पडत नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात जेझुइट पाद्र्यांनी भेट कलमाने, म्हणजे खुंटाचं रोप झाडाच्या फांदीशी नेऊन, ती न तोडता जोडून, आंब्याच्या जाती वाढवल्या. अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून अल्फान्सो आणि त्यावरून आपल्या तोंडी हापूस. आज देवगडात आणि रत्नागिरीत दिसणारे हापूस काडीकाडीने एकमेकांशी जोडलेले आहेत.

म्हणजे कलम निवडणारासुद्धा अर्धा रायवळच लावत असतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, पुढे तिच्यावर पुन्हा येईन.

किती वर्षं थांबायचं

कोयीच्या झाडाला पहिलं फळ यायला साधारण आठ ते दहा वर्षं लागतात. त्याला आधी बालपण पार पाडावं लागतं. कलमाला ते नसतं, कारण त्याची काडी आधीच वयात आलेल्या झाडाची असते. म्हणून कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहर दिसतो आणि माणूस हरखून जातो. तो मोहर खुडून टाकायचा. पहिली तीन-चार वर्षं झाडाला अंग धरू द्यायचं आणि पाचव्या वर्षापासून फळ घ्यायचं. गुडघ्याएवढ्या कलमाला कैऱ्या लागल्याचे फोटो बघून भुलू नका, ते झाड पुढे खुरटतं.

तुमचं वय पासष्ट असेल आणि स्वतः लावलेल्या झाडाचा आंबा नातवाला स्वतःच्या हाताने द्यायचा असेल, तर कलम लावा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

जागा काय म्हणते

इथे मात्र नीट थांबायला हवं, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

घराला लागून, अंगणात, विजेच्या तारांजवळ कोयीचा आंबा लावू नये. रायवळ सरळ वर जातो, पंधरा मीटरच्या पुढेही उंची गाठतो, आणि मग त्याच्या फांद्या छाटायला माणूस मिळत नाही. कलम खालूनच फांद्या धरतं आणि छाटून आटोक्यात ठेवता येतं. उभ्याने किंवा छोट्या शिडीवरून झेल्याने आंबा उतरवता येणं ही म्हातारपणी फार मोठी सोय असते.

उलट बांधावर, डोंगरउतारावर, जिथे रोज जाणं होत नाही अशा जागी कोयीचं झाड सरस ठरतं. जागेवरच उगवलेल्या रोपाचं सोटमूळ कधी तुटलेलं नसतं. ते सरळ खाली ओलाव्याकडे जातं, उन्हाळ्यात कमी मागतं आणि वाऱ्याला दाद देत नाही. पिशवीत वाढलेल्या कलमाचं मूळ बऱ्याचदा तळाशी वेटोळं घालून बसलेलं असतं. रोपवाटिकेत ते दिसत नाही. दहा वर्षांनी वादळात झाड कलंडतं तेव्हा दिसतं.

कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर हा फरक जवळजवळ पुसला जातो. तिथे खड्डा फोडून, बाहेरची माती भरूनच झाड लावायचं असतं आणि सोटमुळाला उतरायला वावच नसतो. अशा जागी कलमच लावावं. खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल, आणि दोन झाडांत दहा मीटर अंतर, हा जुना हिशेब अजूनही सोयीचा आहे. त्याने हेक्टरी शंभर झाडं बसतात. पाच-पाच मीटरवर चारशे कलमं लावण्याचीही पद्धत आहे, पण तिथे दरवर्षी छाटणी करणारा हात हवा. शहरात राहून शेती बघणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

निगा

हापूस वर्षाआड धरतो. तुडतुडे, भुरी, खोडकिडा यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, ऐन मोहरात ढगाळ हवा आली की जीव टांगणीला लागतो, आणि सगळं निभावलं तरी चांगल्या दिसणाऱ्या फळात साका, म्हणजे गराचा पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो. फवारणी, खत, राखण हे सगळं जमणार असेल तरच हापूसचा हट्ट धरावा. नसेल तर केसर किंवा रत्नाचं कलम बघा. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली जात, १९८१ सालची. तिच्यात साका होत नाही, गराला धागा नसतो. हापूस लावणारच असाल तर सोबतीला यातली एक-दोन झाडं असू द्या. वेगळ्या जातीचे परागकण मिळाले की हापूसला फळधारणा बरी होते.

रायवळाला कुणी फवारत नाही. तो येईल तसा येतो. कधी झाडाखाली सडा पडतो, कधी मोजकी फळं लागतात. बांडगूळ मात्र दोघांवरही वाढतं. ते वेळच्या वेळी फांदीसकट काढावं लागतं, नाही तर जुनं झाडसुद्धा आतून वाळत जातं.

फळाचं काय करणार

बाजारात पेटी पाठवायची असेल तर प्रश्नच नाही, एकसारखी फळं लागतात आणि ती कलमच देतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रायवळाला नावाने गिऱ्हाईक नाही.

घरी खायचं म्हटलं की पारडं फिरतं. हापूसचं लोणचं कुणी मुद्दाम घालत नाही. लोणच्याला कचकचीत, आंबट, जाड गराची कैरी लागते, ती रायवळाची. चोखून खायचा आंबा रायवळाचाच. बिटक्यांचं, म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांचं रायतं, गोव्याकडे सासव, उन्हात वाळवलेली आंबोशी, ताटाताटांत पसरून केलेली साठं, पन्हं, या सगळ्यांमागे रायवळ उभा आहे. शेपूसारखा वास म्हणून शेप्या, खोबऱ्याची चव म्हणून खोबऱ्या, रंगावरून शेंदऱ्या, आकारावरून केळ्या, शिवाय साखऱ्या, गोटी. प्रत्येक वाडीत अशी पाच-पंचवीस नावं असायची आणि प्रत्येक नावाचं झाड बहुधा एकच. त्या झाडाची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. ते पडलं की ती चव संपली.

आणि ती पडत आली आहेत. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड सुरू झाली आणि कोकणातले डोंगर कलमांनी भरले. त्याने अनेक घरं सावरली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच काळात आंबा भरायच्या लाकडी खोक्यांसाठी जुने रायवळ कापले गेले, हे मला अजून सलतं. रोपवाटिकांना खुंट तयार करायला कोयी रायवळाच्याच लागतात. प्रत्येक कलमाच्या पायाशी रायवळ असतो असं मघाशी म्हटलं ते या अर्थाने. रायवळ कमी झाले तर कलम तरी कशावर बांधणार?

माझी फसगत

बारा वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून सहा हापूस कलमं आणली. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि दोन वाळली. पावसात त्यातलं एक पुन्हा फुटलं, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! झाड जोमाने वाढलं, बाकीच्या चारांपेक्षा उंच गेलं. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर त्याला फळ आलं ते बिटकीएवढं आणि आंबट. वरची काडी मेली होती आणि फूट आली होती खुंटाची. जोडाच्या खाली आलेली पालवी तेव्हाच मोडली असती, त्या जागी नवं कलम लावलं असतं, तर ही वर्षं वाया गेली नसती.

म्हणून कलम घेताना आधी जोड बघा. तो एकजीव झालेला, सरळ आणि मजबूत हवा, त्यावरची प्लास्टिकची पट्टी काढलेली हवी. काडीला जोडाच्या वर निदान दोन पालव्या येऊन गेलेल्या असाव्यात. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर ते कलम घेऊ नका. लावताना जोड मातीच्या वर राहील असं लावा, आणि पहिली दोन-तीन वर्षं जोडाखालची प्रत्येक फूट दिसताक्षणी काढा.

तिसरी वाट

कोय की कलम असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, दोन वर्षं धीर आहे का? असेल तर कोय जागेवर लावा आणि पुढे त्याच रोपावर कलम बांधा. सोटमूळ न तुटता खाली उतरतं आणि फळ हव्या त्या जातीचं मिळतं. पाणी कमी असलेल्या भागात, मराठवाड्यात किंवा आमच्या उतारावरच्या जमिनीत, ही पद्धत मला सगळ्यांत चांगली वाटते.

एका खड्ड्यात रायवळाच्या तीन-चार ताज्या कोयी लावायच्या. आंब्याच्या कोयीला साठवण सोसत नाही, महिनाभरात तिची उगवण घटते, म्हणून आंबा खाल्ल्यावर आठवडाभरात ती मातीत गेलेली बरी. उगवल्यावर सगळ्यांत जोमदार रोप ठेवून बाकीची काढायची. रोपाचं खोड पेन्सिलीएवढं झालं आणि शेंड्याला तांबूस कोवळी पालवी आली की पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या शेंड्यावरचं कलम बांधायचं. ज्या झाडाची काडी घ्यायची तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापतात, म्हणजे डोळे फुगतात. खुंटाला उभी चीर, काडीला पाचर, वरून घट्ट पट्टी. गावात कलमं बांधणारा माणूस असतोच, पहिल्या वर्षी त्याच्या हातून बांधून घ्या आणि शेजारी बसून बघा.

या वाटेचा आणखी एक फायदा आहे. कलम फसलं तरी खाली रायवळ जिवंत असतो. पुढच्या पावसात पुन्हा बांधता येतं. आणि आजोबांच्या वेळचा एखादा शेप्या म्हातारा झाला असेल, तर त्याचीही काडी अशीच बांधून ते झाड जसंच्या तसं राखता येतं. कलम म्हणजे फक्त हापूस नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आमच्या बांधावरच्या खोबऱ्याला यंदा मोजकेच आंबे लागले. बुंध्याला ढोली पडली आहे, आणखी किती पावसाळे निघतील सांगवत नाही. त्याच्या आठ कोयी मी या जूनमध्ये चार खड्ड्यांत लावल्या आहेत. दोन खड्ड्यांतल्या रोपांवर पुढच्या वर्षी त्याच खोबऱ्याची काडी बांधणार. उरलेल्या दोन खड्ड्यांतली रोपं तशीच वाढू देणार आहे, काय निघतं ते बघायला.