कराओकेत काय गायचं: 'लिंडा लिंडा' की 'कुरेनाई'?

जपानी रॉकमधली ही दोन गाणी कराओकेच्या खोलीत हमखास चालतात, पण दोन्हींची मागणी अगदी वेगळी.

द ब्लू हार्ट्सचं 'लिंडा लिंडा' १९८७चं. सुरुवात संथ, जवळजवळ बोलल्यासारखी. मग ड्रम कोसळतात आणि धृपद येतं. त्यात शीर्षकाचाच जप असल्यामुळे जपानी न येणारेही ओरडायला सामील होतात. सूर थोडा हलला तरी कुणाला पर्वा नसते, कारण हे पंक आहे, म्हणजे रांगडं, बेधडक रॉक. उड्या मारायला मात्र जागा हवी.

एक्स जपानचं 'कुरेनाई' १९८९चं. रचना योशिकीची, आवाज तोशीचा. आधी हळुवार गिटार, इंग्रजी ओळी, मग सुसाट वेग. तोशीच्या पट्टीत गायचं तर पुरुषांचा गळा धृपदापर्यंतच दमतो. यंत्रावर पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली आणता येते. बिनधास्त आणा, त्यात लाज कसली? मधला लांबलचक गिटारचा तुकडा ही खरी पंचाईत. तेवढा वेळ माइक धरून करायचं काय? हवेत गिटार वाजवा, नाहीतर पाणी प्या. एक याकुझा (जपानी टोळीतला गुंड) हेच गाणं शिकायला शाळकरी गायकाच्या मागे लागतो, अशी गोष्ट असलेला 'कराओके इको!' हा चित्रपट २०२४मध्ये आला. त्या याकुझाची धडपड गाणाऱ्याला लगेच पटेल.

नवख्या मंडळींत, पहिल्याच फेरीला, मी 'लिंडा लिंडा'च लावेन. 'कुरेनाई' रात्री उशिरा, गळा तापल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग नसेल तरच.