मंडईसाठी खडीगंमत बोलवताय? आधी नाच्या बघा

दिवाळी सरली की भंडारा-गोंदियात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात आणि मंडळांत वाद सुरू होतो: रात्री नाटक, ऑर्केस्ट्रा की खडीगंमत, म्हणजे आपल्याकडचं तमाशासारखं लोकनाट्य? साकोलीकडची एक पार्टी, म्हणजे गंमतीचा संच, पाहिल्यावर आमचं मत पक्कं झालं. गंमतच आणा, पण नाच्यासकट, म्हणजे बाईच्या वेषात नाचणाऱ्या पुरुषासकट.

हल्ली काही पार्ट्या नाच्याऐवजी रेकॉर्डवरचा डान्स देतात. तिथेच गंमत मरते. गण आटोपून गौळण लागली की शाहीर, पेंद्या आणि राधा झालेला नाच्या यांची तोंडातोंडी जुंपते, ती पाठ केलेली नसते. समोरच्या गर्दीतून आलेला शब्द झेलून परतवणं हे नाच्याचं काम. या पार्टीचा नाच्या त्यात पक्का आहे.

त्याची रंगभूषाही बघण्यासारखी. उलटी दाढी करून निळसर झाक उरते तिथे कुंकवाचा पातळ हात, त्यावर पॅनकेक, मग दाबून पावडर. कुंकू गाळलं की पांढऱ्या एलईडीत हनुवटी राखाडी दिसते. म्हणून मंचावर पिवळा उजेड द्या. घुंगरं जाड पट्ट्यावर शिवलेली होती. नुसत्या दोऱ्यात ओवली तर दोरा तुटून मंचभर सांडतात आणि अनवाणी पायांत रुततात.

उणं काय? कॅसिओ इतका मोठा की तुणतुणं ऐकूच येत नव्हतं. मध्यरात्री दव पडलं, डफाचं कातडं सैल झालं, आवाज बसला. शेकोटी मंचामागे आधीच पेटवून ठेवायला हवी होती. शाहिराच्या हातात डफ असतो, त्याला हातातला माईक देऊन उपयोग नाही. दोन स्टँड लावा आणि एक माईक घुंगरांसाठी खाली. वगही लांबला, त्यापायी सवाल-जवाब उरकले गेले. दुय्यम ठेवली असेल, म्हणजे शक्तीची बाजू घेणारी कलगी आणि शिवाची बाजू घेणारा तुरा अशा दोन पार्ट्या समोरासमोर, तर वग आखूडच सांगा. शक्ती थोर की शिव, हा झगडाच लोकांना ऐकायचा असतो.

बालगंधर्वांना स्त्रीभूमिकांनी कीर्ती दिली, १९६४ साली पद्मभूषणही मिळालं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीकडेही नट परशुराम खुणे यांच्या पद्मश्रीने २०२३ साली देशाचं लक्ष गेलं. गावच्या नाच्याच्या वाट्याला मात्र अजून शिव्याच जास्त. सगळे नाचे समलिंगी किंवा तृतीयपंथी नसतात, कित्येक घरसंसारी शेतकरी असतात. पण ज्याचं बायकी चालणं-बोलणं दिवसा टिंगलीचा विषय होतं, त्याला टाळी मिळण्याची जागा या मंचाने दिली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, त्याच्या कितीतरी आधीपासून. ही परंपरा नाच्याला वगळून जपता येत नाही.

म्हणून मंडळाने सोय नीट करावी. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली द्या, शाळेची असली तरी चालेल. बक्षीस शाहिराच्या हाती द्यायला लावा. नोट दाखवून नाच्याचा हात ओढणाऱ्याला कार्यकर्त्यांनी तिथल्या तिथे खाली उतरवावं. आणि बिदागी ठरवतानाच नाच्याचा वाटा किती, हे पार्टीच्या मालकाला सगळ्यांसमोर विचारा.