युद्धडायरी की काकांचा आवाज?
नौपाड्यातले आमचे शेजारी काका डिसेंबर १९७१ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले. त्यांच्या आठवणी मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्यात.

तारीख, वेळ, तुकडीची हालचाल यांसाठी भरवसा पलटणीच्या युद्धडायरीवरच. ती, म्हणजे तुकडीची रोजची नोंदवही, त्याच दिवसांत लिहिली जाते. काका जमालपूरची ११ तारखेची शरणागती ढाक्याच्या १६ तारखेच्या शरणागतीत मिसळतात. पन्नास वर्षांत ऐकलेलं-वाचलेलंही आठवणीत शिरतंच.

पण ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या 'शरण या' पत्राला पाकिस्तानी कर्नलने बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर धाडलं, एवढं कागदावर मिळतं. त्या रात्री खंदकात बसून हल्ल्याची वाट पाहणं मात्र काकांकडेच आहे. सांगताना ते मध्येच गप्प होतात. ती शांतताही मी कापलेली नाही.

माझ्या मते आधी रेकॉर्डिंग, डायरीशी पडताळणी नंतर. काकांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे.