जुन्या बोलेरो पिकअपचा क्लच दुसऱ्यांदा बदलला, त्याला आता अकरा महिने झाले

गाडी २०११ ची, २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, पाच गिअर, मीटर १ लाख ८० हजारांच्या पुढे गेलेला. एप्रिल-मे मध्ये रत्नागिरीकडचा आंबा घेऊन आंबा घाटाने कोल्हापूर, उरलेलं वर्ष चिरे, शेणखत, मंडपाचं सामान, मिळेल ते. म्हणजे क्लचला सुट्टी नाहीच.

‘दुसऱ्यांदा’ लिहिलंय कारण पहिल्यांदा मी शहाणपणा केला होता. गाडी ओढेना झाली तेव्हा जवळच्या एका गॅरेजमध्ये फक्त क्लच प्लेट बदलून घेतली. तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट ‘चालेल अजून’, फ्लायव्हीलला (इंजिनामागचं जड चाक, ज्यावर प्लेट टेकते) नुसता पॉलिश पेपर मारला. तीन-चार हजार वाचले म्हणून खूश होतो. सातव्या महिन्यात, ऐन एप्रिलात, साखरप्याच्या पुढे घाट चढताना तिसऱ्या वळणावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर. मागे ६५ पेट्या. केबिनमध्ये असा जळका वास की क्लीनर दार उघडून उतरलाच. पेट्या दुसऱ्या पिकअपमध्ये चढवल्या, भाडं त्याला गेलं, आणि रिकामी गाडी वळवून उतारावरून साखरप्याला आणली.

खरं तर गाडीने आधी सांगितलं होतं. सपाटीवर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला एक्सलेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, वेगाचा काटा तिथेच. क्लच घसरत असल्याची ही साधी खूण. मी ती ‘डिझेल खराब असेल’ म्हणून सोडून दिली. सीझनमध्ये गाडी उभी करायची नसली की माणसाला अशी कारणं सुचतात.

या वेळच्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला आणि मला खाली वाकायला लावलं. बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कवच) आतून काळं-ओलं. इंजिनाच्या मागचं ऑइल सील गळत होतं, ते तेल प्लेटवर. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा. ‘‘दादा, प्लेट मी उद्या घालतो, पण हे तेल कोण थांबवणार?’’ एवढंच म्हणाले. मला पहिल्या कामाचे पैसे आठवले.

मग सगळंच केलं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, असा पूर्ण सेट ६,५०० ला. मागचं ऑइल सील, क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग, गिअर ऑइल, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला एक क्रॉस (शाफ्ट उतरवलाच होता, हाताने हलवला तर कट् कट्). फ्लायव्हील लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, दिलं. चिरा वरवरच्या होत्या म्हणून वाचलं, खोल असत्या तर नवंच घ्यावं लागलं असतं. मजुरी धरून १२ हजारांच्या आसपास. सेट सोडला तर यातला मोठा खर्च गिअरबॉक्स काढण्या-बसवण्याचा आहे, सील आणि बेअरिंगचा नाही. आणि नेमके सील-बेअरिंगचेच पैसे आपण वाचवायला जातो.

बसवताना एक गोष्ट पाहण्यासारखी होती. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट डमी म्हणून घालून त्यांनी प्लेट मधोमध धरली, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. एकच बाजू आधी आवळली तर प्रेशर प्लेट वाकते, आणि प्लेट मधोमध नसेल तर गिअरबॉक्स आत जातच नाही. मग लोक जॅक लावून ढकलत बसतात.

पहिले हजारेक किलोमीटर हलक्या खेपा केल्या. मे महिन्यात हे जमवणं कठीण होतं, घरात बोलणी खाल्ली. त्यानंतर १९ हजार किलोमीटर झालेत. पेडल हलकं आहे, गिअर लोण्यासारखे नाही पण अडत नाहीत, घाटात भरलेली गाडी दुसऱ्यावर निमूट चढते.

तक्रारी दोन. जुलैमध्ये पेडल एकदम ढिलं पडलं, पहिला गिअर घासून पडायला लागला. पोटात गोळा आला, पण निघाला खालचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा): रबर गेलेलं. हा भाग क्लच सेटमध्ये येत नाही, आणि गाडी जुनी असेल तर तोही बदलायला हवा होता, हे मी आधी विचारलं नाही. किट टाकलं, मुलाला पेडल मारायला बसवून निपलमधून हवा काढली, अर्ध्या दिवसात गाडी रस्त्यावर. दुसरी गोष्ट गणपतीतली. पावसात बारा दिवस उभी राहिली आणि पहिल्यांदा निघताना गाडी थरथरली. फ्लायव्हीलवर हलका गंज धरला असणार. चार-पाच वेळा क्लच सोडल्यावर थांबलं.

आवाजाचं एक सांगतो, यात फसवणूक होते. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सकडे बघा, क्लच सेट बदलून तो जाणार नाही.

आता माझ्या डाव्या पायाबद्दल. पहिली प्लेट तेलाने गेली हे खरं, पण मिस्त्रींनी दोन फेऱ्या माझ्या शेजारी बसून पाहिलं आणि हसले. माझा पाय कायम पेडलवर टेकलेला. घाटात पुढे ट्रक अडकला की ब्रेक न लावता हाफ क्लचवर (पेडल अर्धं दाबून) गाडी तोलून धरायची, ही तर माझी ऐट होती. बागेतून भरलेली गाडी चढावर रिव्हर्स काढताना तेच. आता पाय बाजूला ठेवतो, चढावर हँडब्रेक ओढून थांबतो आणि गाडी ओढायला लागली की सोडतो. पहिले पंधरा दिवस वैताग आला, मागचे हॉर्न मारायचे.

पुढच्या आठवड्यात या सीझनची पहिली मोठी खेप आहे. क्लचला हात लावायचा नाहीये, पण हँडब्रेकची केबल बदलायला टाकली आहे. इतक्या वर्षांत वापरलीच नव्हती, अकरा महिन्यांत ताणली गेली.