बुद्धिबळाच्या संघासाठी घेतलेली सहा घड्याळं: दोन पावसाळ्यांनंतर

मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी गणित शिकवते. बुद्धिबळाचा संघ माझ्या गळ्यात पडला, कारण आधीचे सर निवृत्त झाले आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन मोकळे झाले. कपाटात दोन किल्लीची घड्याळं होती, प्रत्येकाला दोन बाजू, एकेका खेळाडूची वेळ मोजायला. एकाची डावी बाजू तासाला चारेक मिनिटं मागे पडायची, म्हणून त्या बाजूला बसायला मुलांत मारामारी.

दोन वर्षांपूर्वी पालकांची वर्गणी काढून ऑनलाइन सहा डिजिटल घड्याळं मागवली, सोबत गुंडाळायचे सहा पट आणि सोंगट्या. घड्याळ सोळाशेच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव देत नाही. हेच घड्याळ खोकं बदलून तीन-चार नावांनी विकलं जातं, त्यामुळे तुम्ही घ्याल ते याचंच भावंड असण्याची शक्यता जास्त.

आधी चांगलं सांगते. आमची शाळा साडेचारला सुटते आणि वाडीवरच्या मुलांची एसटी पावणेसहाला. ती चुकली तर पुढची साडेसातला, आणि मग घरून फोन कोणाला येतात ते वेगळं सांगायला नको. किल्लीच्या घड्याळावर अर्ध्या-अर्ध्या तासाचा डाव लावला की ऐन वजिराच्या झटापटीत कोणीतरी दप्तर उचलून पळायचं. आता आम्ही १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला १० सेकंद वाढ असं लावतो. साठ चाली धरल्या तर ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं. १५ आणि १० मिळून एका खेळाडूला २५, दोघांचे ५०. पावणेपाचला पट मांडला की साधारण ५:३५ला हात मिळवून मोकळे. डाव रॅपिडमध्ये, म्हणजे जलद बुद्धिबळात, मोडतो की नाही हे ठरवायला फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटनासुद्धा मूळ वेळेत साठ चालींची वाढ मिळवूनच हिशोब करते. दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी आला तर रॅपिड. सातवीच्या वर्गात हे उदाहरण मी बीजगणितात घातलं आणि जे बुद्धिबळाकडे फिरकत नाहीत त्यांनीही सोडवलं.

दर चालीला वेळ वाढवण्याची ही सोय किल्लीच्या घड्याळात नव्हती. माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी अशा घड्याळाचं पेटंट अमेरिकेत १९८९ साली मिळवलं. आमच्याकडे ती पोचायला तीस वर्षांहून जास्त लागली, पण पोचली आणि मुलांचा खेळ बदलला. पूर्वी जिंकत आलेला डावही वेळ संपल्यामुळे हरायचे. गेल्या वर्षी जिल्ह्याला आमच्या नववीतल्या मुलाकडे एक हत्ती आणि दोन प्यादी जास्त होती, घड्याळावर आठ सेकंद. पूर्वी असता तर कोसळला असता. त्याने चाल केली, दहा सेकंद मिळाले, पुन्हा चाल, पुन्हा दहा. असं करत वीस-बावीस चालींत प्यादं वजिरापर्यंत नेलं. मी दाराबाहेर उभी होते, पंच आत येऊ देत नव्हते. काचेतून फक्त त्याचा हात दिसत होता, पटावर आणि घड्याळावर, पटावर आणि घड्याळावर. तो पहिल्या पाचांत आला आणि कोल्हापूर विभागाला गेला.

ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ, हा नियमही याच घड्याळाने अंगवळणी पाडला. वरची पट्टी झोपाळ्यासारखी आहे, दाबलेली बाजू खाली राहते, त्यामुळे कोणाची वेळ चालू आहे ते लांबूनही कळतं. मजबूतही आहे. आमच्याकडे पाचवीतला एकजण डास मारल्यासारखं घड्याळ मारतो, पण पट्टीला अजून काही झालेलं नाही.

आता रडगाणं.

बटणं चुकीच्या ठिकाणी आहेत. नियमबाह्य चाल झाली तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून द्यायची असतात. त्यासाठी मधलं बटण तीन सेकंद दाबून धरायचं, मग एकेक आकडा पुढे ढकलत न्यायचा, आणि बोट घसरलं की सगळं पहिल्यापासून. माहितीपत्रक मुंगीच्या अक्षरात, इंग्रजी आणि चिनी. शेवटी दहावीच्या एका मुलीने सगळ्या पायऱ्या मराठीत पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा घड्याळाच्या पाठीला चिकटवला. तो कंपनीच्या पत्रकापेक्षा बरा आहे.

खरी गोम मात्र सेलच्या कप्प्यात आहे. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धा छान झाली. मग गणपती आले. कोकणात गणपतीच्या सुट्टीत शाळेकडे कोण वळतंय? कपाट बंद, खिडक्या बंद, बाहेर पाऊस. सुट्टीनंतर कपाट उघडलं तर पटांवर पांढरी बुरशी आणि सहापैकी तीन घड्याळं मुकी. चौथं चालू झालं, पण आकडे जागचे हलेनात. सातवीतली मुलगी त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "बाई, ह्येचो टायम पळणाच नाय." जिल्हा स्पर्धा पुढच्या गुरुवारी ओरोसला, आणि पट-घड्याळ संघांनी सोबत आणायचं होतं.

झाकण उघडलं तर स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी कळवलं की घड्याळ पाण्यात घातलं नव्हतं, मालवणात ठेवलं होतं. त्यानंतर उत्तर नाही. त्यांच्या लेखी दोन्ही एकच असेल. सेल आत राहू दिले ही माझी चूक, मान्य. पण झाकणाला साधी रबराची कड लावायला कितीसा खर्च येतो?

शेवटी आमच्या विज्ञानाच्या सरांनी वाचवलं. अल्कलाइन सेलमधून झिरपतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्क, त्याला आम्लाचा उतारा. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर लिंबाचे दोन थेंब घेऊन थर विरघळवला, कोरड्या काडीने पुसला, मग शाईच्या खोडरबराने स्प्रिंग घासली. दोन घड्याळं जागी झाली, 'टायम न पळणारं'ही पळू लागलं. एक गेलं ते गेलंच. पाच घेऊन आम्ही ओरोसची एसटी पकडली.

पट आणि सोंगट्यांचं थोडक्यात. पट वीस इंची, घरं सव्वादोन इंचांची, म्हणजे ५.७ सेंटीमीटर. फिडेच्या ५ ते ६ सेंटीमीटरच्या मापात बसतात. बुरशी ओल्या फडक्याने गेली, वास मात्र दिवाळीपर्यंत राहिला. सोंगट्या घेऊ नका. राजाची उंची ९.५ सेंटीमीटर बरोबर आहे, पण आत वजन नाही. खिडकी उघडी असली आणि खाडीकडून वारा आला की घोडे आडवे. 'टच मूव्ह', म्हणजे हात लावलेली सोंगटी हलवायचीच हा नियम, मुलांना शिकवायचा की वाऱ्याला, हे मला कळेनासं झालं. जुन्या सरांच्या लाकडी सोंगट्या पुन्हा बाहेर काढल्यात.

एवढं होऊनही या जूनमध्ये तीच घड्याळं आणखी दोन मागवली, मात्र दुसऱ्या दुकानातून. या किमतीत चालींची वाढ देणारं आणि पाचवीतल्या त्या हाताला पुरून उरणारं दुसरं काही मला मिळालं नाही. बटणं मनासारखी हवीत तर महागडं घ्या. तेवढी वर्गणी आमच्या वाडीत निघत नाही.

आता घड्याळं चकलीच्या पत्र्याच्या डब्यात राहतात, तळाला बुटांच्या खोक्यांतून गोळा केलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. गणपतीच्या आदल्या दिवशी सेल काढून वेगळ्या पिशवीत ठेवायचे, हे काम संघाच्या कप्तानाचं. यंदा तो चतुर्थीच्या चार दिवस आधीच घरी मखर बांधायला पळाला. सेल मीच काढले.