कांदाभजी, आमची चिंगी आणि कोपऱ्यावरचं पेट क्लिनिक

चिंगी आता बरी आहे, काल पूर्ण वाटी संपवली, म्हणून शांतपणे लिहायला बसलेय. चिंगी म्हणजे आमची कॉकर स्पॅनिअल, सात वर्षांची, वजन 11 किलो. आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहतो आणि हे क्लिनिक आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर, दोन गाळ्यांचं, बाहेर एक बाकडं, आत एक डॉक्टर मॅडम आणि एक मदतनीस दादा. लस द्यायला आधी दोन-तीनदा गेलो होतो पण खरी ओळख आत्ता झाली.

झालं असं की रविवारी धो धो पाऊस, घरी पाहुणे, त्यामुळे कांदाभजीचा मोठा घाणा. सगळे गप्पांत रंगले आणि चिंगी टेबलाखाली प्रत्येकाच्या पायाशी फिरत होती. एकाने एक दिलं, दुसऱ्याने एक, आणि आमच्या सासऱ्यांना तर तिने नुसतं बघितलं तरी पुरतं. प्रत्येकाला वाटलं आपण एकच दिलंय. सोमवारी पहाटे चारला उलटी, मग दर अर्ध्या तासाने, शेवटी नुसता पिवळा फेस. पाणीसुद्धा टिकेना. आणि एक गोष्ट बघून माझ्या पोटात गोळाच आला, ती पुढचे पाय लांब करून छाती फरशीला टेकवायची आणि मागचा भाग वर तसाच ठेवायची, वाकून नमस्कार घातल्यासारखी, मिनिटभर तशीच. मला वाटलं आळस देतेय. नंतर मॅडम म्हणाल्या की पोटात खूप दुखत असलं की कुत्री अशी उभी राहतात. हे प्लीज सगळ्यांनी लक्षात ठेवा, मला आधी माहीत असतं तर इतका वेळ थांबले नसते.

तेवढ्यात ओळखीतल्या एकांनी फोनवर सांगितलं की मिठाचं पाणी पाजा, सगळं बाहेर पडेल. नशीब पाजलं नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम एकदम वाढून झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. आणि रात्रभर आधी खाल्लेलं तोवर पोटातून पुढे गेलेलं असतं, ते उलटीत निघणारच नसतं.

क्लिनिकबद्दल मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे त्यांची विचारायची पद्धत. टेबलावर ठेवल्या ठेवल्या पोट दाबून बघितलं, हिरड्यांचा रंग बघितला आणि म्हणाल्या, ताई, काल घरात काय काय केलं होतं? कुत्रीने काय खाल्लं असं नाही, घरात काय केलं होतं. मी म्हटलं भजी, पण तिने एखादंच खाल्लं असेल. त्यांनी माझ्या सासऱ्यांकडे बघितलं, आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, काका, तुम्ही किती दिली? मला आकडा कळला तर औषध नीट देता येईल. अण्णांनी मान खाली घालून सांगितलं, चार. मग पाहुण्यांना फोन केले, हिशोब दहा-बारावर गेला. याआधी एका दुसऱ्या ठिकाणी आम्हाला सगळ्यांसमोर इतकं झापलं होतं की पुढच्या वेळी खरं सांगायचीच भीती वाटली असती. इथे तसं झालं नाही आणि म्हणूनच निदान लवकर झालं.

निदान होतं पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं, जे पाचक रस आतड्यात पोचल्यावर कामाला लागायला हवेत ते स्वादुपिंडातच जागे होतात आणि त्या अवयवालाच पचवायला लागतात. तेलकट-तुपकट जास्त पोटात गेलं की हे होऊ शकतं, त्यात कॉकर, मिनिएचर श्नाउझर, यॉर्कशायर टेरिअर या जातींना धोका जास्त आणि वजन वाढलेल्या कुत्र्यांना तर आणखी. रक्ताची स्वादुपिंडाची टेस्ट तिथल्या तिथे किटवर केली, सोनोग्राफीला मात्र दुसरीकडे पाठवलं, त्यांच्याकडे मशीन नाही.

कांद्याचा भाग वेगळाच. मला खरंच वाटायचं की तळल्यावर कांद्यातलं जे काय असेल ते मरून जातं. तसं नाही! कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवून पावडर केलेला, कसाही असो, तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, लसूणही त्याच घराण्यातला. किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा गेला की रक्तात फरक दिसायला लागतो, म्हणजे चिंगीसाठी 165 ग्रॅमपासून पुढे, दीड-दोन मध्यम कांदे. भज्यांतून तेवढा गेला नसावा असा अंदाज होता पण मॅडम म्हणाल्या आकड्यावर विसंबून राहू नका, याचा परिणाम लगेच नाही तर काही दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी लालसर-तपकिरी झाली तर वेळ न बघता या. गुरुवारी परत रक्त तपासलं, ठीक आलं, तोपर्यंत मी दिवसातून दहा वेळा तिचा ओठ वर करून बघत होते.

उपचार म्हणाल तर तीन दिवस सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, दुखणं कमी करायचं औषध. आणि त्यांनी उपाशी ठेवलं नाही. पूर्वी दोन-तीन दिवस तोंडाला काही लावू द्यायचे नाहीत म्हणे, आता उलटी थांबली की बिनतेलाचं थोडं थोडं सुरू करतात. मंगळवारी संध्याकाळी मऊ भात आणि कातडी काढलेल्या चिकनचा उकडलेला तुकडा कुस्करून दोन चमचे दिला, दादा खाली मांडी घालून तिच्या समोर बसले आणि बोटावर घेऊन चाटवत होते, वीस मिनिटं. घाई नाही, फोन नाही. हे मी विसरणार नाही.

आता यांच्याकडचा तो ड्रॉवर. शेवटच्या दिवशी मॅडमनी टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला, त्यात रिकामी पाकिटं, वेफर्स, इन्स्टंट नूडल्सचा मसाला, सॉसेज, चीज स्लाइस, शेव, शुगर फ्री च्युइंगम. एकेक अण्णांच्या हातात देऊन म्हणाल्या, काका, बारीक अक्षरातलं वाचा. अण्णा चष्मा वर करून वाचतायत, ओनियन पावडर, गार्लिक पावडर, मीठ, पाम तेल, परत ओनियन पावडर. आम्हाला वाटायचं वेफरमध्ये कुठे आलाय कांदा! च्युइंगमवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड) लिहिलेलं होतं, ते तर सगळ्यात भयंकर, कुत्र्याच्या पोटात गेलं की इन्सुलिन उसळी घेतं आणि साखर धाडकन खाली येते, किलोमागे 0.1 ग्रॅमसुद्धा पुरतं, त्याहून जास्त गेलं तर लिव्हर जातं. माणसाला काही होत नाही म्हणून आपण पर्समध्ये घेऊन फिरतो.

मग हिशोब सांगितला, तो मला फार पटला. 11 किलोच्या घरात राहणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, त्यातला वरचा खाऊ 10 टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे 60. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. अर्ध्या चमचा तेलात दिवसभराचा खाऊ संपला! दहा-बारा भज्यांनी किती तेल प्यायलं असेल ते तुम्हीच बघा.

पण त्या म्हणत नाहीत की माणसांचं काहीच द्यायचं नाही आणि डॉग फूडची महागडी पोतीच घ्या. साधा भात, बिनतेलाची भाकरी, उकडलेलं अंडं, उकडलेला भोपळा, गाजर, यांना हरकत नाही, फक्त फोडणी पडायच्या आधी बाजूला काढायचं. अडचण आपल्या अन्नाची नाहीये, तेल, मीठ, कांदा, लसणाची आहे. मी विचारलं, मग रस्त्यावरची कुत्री वडापाव खातात त्यांना कसं काही होत नाही? त्या म्हणाल्या, होतं, पण त्यांना कोणी इथे आणत नाही, कुठेतरी गाडीखाली जाऊन पडतात, दोन दिवसांनी दिसेनाशी होतात आणि आपण म्हणतो गेली असेल दुसऱ्या गल्लीत. आमच्या सोसायटीच्या गेटवर रोज उरलेल्या पुऱ्या टाकतात. मी आता बोलले तिथे, दोघांनी तरी ऐकलंय, ते भात ठेवतात.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. रात्री उघडं नसतं, पहाटे चारला मी फोन करत राहिले, कोणी उचलला नाही, दारावर इमर्जन्सीसाठी दुसरा नंबर लिहून ठेवायला काय हरकत आहे? पावसात बाहेरच्या बाकड्यावर बसायचं म्हणजे आजारी जनावर भिजतं, छत हवं. मांजर आणि कुत्री एकाच ठिकाणी थांबतात, एक बिचारं मांजर पिशवीत थरथरत होतं. सगळं मिळून साडेनऊ हजार झाले, सोनोग्राफी धरून, कमी नाहीत, पण प्रत्येक गोष्ट आधी विचारून केली आणि बिल लिहून दिलं.

मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा फोनसाठी कापला.

संध्याकाळी पाच ते नऊ, सोमवारी फक्त सकाळी. गर्दी साडेसातनंतर असते म्हणून आधी जा. आणि कुत्र्याने काही खाल्लं असेल तर त्याचं रिकामं पाकीट सोबत न्या, त्या पहिलं तेच मागतात.